चमकणारं मॉस आणि चमकणारी बुरशी: बघायला जाताना या चुका टाळा

पावसाळा लागला की भीमाशंकरच्या चमकणाऱ्या जंगलाचे रील्स फिरायला लागतात आणि खाली हमखास कोणीतरी जपानच्या गुहेतल्या सोनेरी-हिरव्या मॉसचा (म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या इवल्याशा वनस्पतीचा) फोटो टाकून 'सेम टू सेम' लिहितं. अजिबात सेम नाहीये.

आपल्याकडे कुजक्या लाकडावर चमकते ती मायसिना जातीची बुरशी. ती स्वतः उजेड तयार करते, ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी रिऍक्शन होते आणि हिरवट प्रकाश पडतो. जपानच्या फोटोतलं शिस्टोस्टेगा पेन्नाटा हे मॉस मात्र स्वतःचा उजेड काढतच नाही. गुहेच्या तोंडातून जो मिणमिणता प्रकाश येतो तो त्याच्या गोल, भिंगासारख्या पेशी आत गोळा करतात, हरितद्रव्य हवा तेवढा घेतं आणि उरलेला आला त्याच वाटेने परत फिरतो, रात्री हेडलाइटमध्ये मांजराचे डोळे चमकतात ना, तसं.

सगळ्या चुका इथूनच होतात.

बुरशी बघायला गेल्यावर टॉर्च चालूच ठेवायचा आणि मग 'काहीच दिसलं नाही' म्हणायचं, ही नंबर एक. सगळे लाइट बंद करा, मोबाइलची स्क्रीनसुद्धा, आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. चांदणी रात्र टाळा. दोन दिवस पाऊस नसेल आणि लाकूड सुकलं असेल तर चमक मंदावते, यात तुमचा दोष नाही. आणि फोटोतला तो झगझगीत हिरवा रंग विसरा, तो तीस सेकंद एक्सपोजर आणि वाढवलेल्या आयएसओचा (कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपण्याच्या संवेदनशीलतेचा) प्रताप आहे, डोळ्यांना फिकट, पांढुरकंच दिसतं.

मॉसचं नेमकं उलटं. मिट्ट काळोखात ते दिसणारच नाही, म्हणून दिवसा जायचं आणि गुहेचं तोंड पाठीमागे ठेवून आत बघायचं. दिसत नसेल तर आधी जागा बदला, कारण जरा बाजूला सरकलात तरी सोनं गायब आणि समोर साधी ओली माती. हात लावू नका, त्या चमकणाऱ्या पेशींचे तंतू जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असतात, बोट फिरलं की गेलेच. जपानमध्ये त्याच्या काही जागा सरकारने नैसर्गिक वारसा म्हणून राखल्यात. सह्याद्रीत मात्र शोधत बसू नका, ते थंड मुलखातलं आहे.

भीमाशंकर अभयारण्य आहे, तेव्हा रात्री घुसण्याआधी वनखात्याला विचारा, परवानगी नसेल तर नाही म्हणजे नाही. चमकणारी काटकी पिशवीत घालून घरी आणायची हौस पण नको, सुकली की विझते. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून, ही अळंबी भाजीची नाही हो.