केसपेपर उलटून बघा

फार्म-डी या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या पाचव्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका दवाखान्यातल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या तपासायच्या होत्या. यंदा कुणी हेच काम घेणार असेल, तर माझी चूक टाळा.

मोजायचं काय, हे ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे १९९३ चे निकष बघा: एका चिठ्ठीत सरासरी किती औषधं, शंभर चिठ्ठ्यांपैकी कितींत अँटिबायोटिक, कितींत इंजेक्शन. त्यावर त्याच संघटनेची २०१७ ची 'अवेअर' वर्गवारी लावायची: आधी वापरायची नेहमीची अँटिबायोटिकं 'अ‍ॅक्सेस', जपून वापरायची 'वॉच', शेवटचा उपाय म्हणून राखलेली 'रिझर्व्ह'. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन 'अ‍ॅक्सेस'मध्ये; अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन 'वॉच'मध्ये; कोलिस्टिन 'रिझर्व्ह'मध्ये. २०३० पर्यंत माणसांसाठीच्या वापरात किमान ७० टक्के अँटिबायोटिकं 'अ‍ॅक्सेस'मधली असावीत, असं २०२४ साली संयुक्त राष्ट्रांत ठरलंय. एवढं दोन दिवसांत जमतं.

खरी कसोटी पुढं आहे. पावसाळ्यातला एक केसपेपर: ताप, अंगदुखी, डॉक्सिसायक्लिन. मी एक्सेलमध्ये 'गरज नव्हती' भरून मोकळा झालो. प्रोजेक्टच्या गाईड मॅडमनी विचारलं, "मागची बाजू बघितलीस?" उलटून बघितलं तर घाईच्या अक्षरात दोन शब्द होते: काखेत एस्कार. गोचिडीसारखा बारीक किडा चावल्यावर पडणारी ती काळी खपली. म्हणजे स्क्रब टायफस. त्यावर डॉक्सिसायक्लिन हेच योग्य औषध. डॉक्टरांनी रोग्याला नीट तपासलं होतं, मी कागदसुद्धा पूर्ण वाचला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर झालेले सगळे पेपर पुन्हा काढले.

म्हणून औषधाच्या रकान्याआधी 'कशासाठी दिलं' हा रकाना करा. कारण लिहिलेलं नसेल तर 'नोंद नाही' लिहा, 'चूक' नको. मग डोस आणि किती दिवस ते बघा. साध्या सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिसलं, तर मात्र बिचकू नका, 'गरज नव्हती' असं स्पष्ट लिहा.

रोग्यांशीही बोला, मराठीत आणि कन्नडातही. संमतीपत्र दोन्ही भाषांत लागतं. एथिक्स कमिटीची परवानगी त्याआधी. एका मावशींना विचारलं, "आधी काही घेतलंत?" त्या म्हणाल्या, "मेडिकलातनं दोन गोळ्या खाल्ल्या की ओ." पिशवीतनं कापलेली पट्टी काढून दाखवली, सेफिक्झिमची होती. केसपेपरवर त्याचा उल्लेखच नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाला पिशवी उघडून दाखवायला सांगायचो.