आधी डिस्क ऐका, मग गाणं: जुना म्युझिक प्लेअर विकत घेताना

प्लेअर बघायला निघण्याआधी आपल्याकडची गाणी बघा. अ‍ॅपल म्युझिक किंवा स्पॉटिफायच्या वर्गणीवर ऐकलेली गाणी आयपॉड क्लासिक, नॅनो किंवा साध्या एमपीथ्री प्लेअरवर चढत नाहीत, मोबाइलमध्ये 'डाउनलोड' करून ठेवलेली असली तरीही. तुमच्याकडे स्वतःच्या सीडी, त्यांच्यावरून उतरवलेल्या फाइल्स किंवा विकत घेतलेली एमपीथ्री गाणी असतील तरच या खरेदीला अर्थ आहे.

मग जागेचा हिशेब. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते, म्हणजे ५० मिनिटांच्या ख्यालाला १२० एमबी. हाच ख्याल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची गुणवत्ता न घटवणाऱ्या फाइलप्रकारात, ठेवला तर सुमारे ३०० एमबी लागतात. ३० जीबीत ३२० केबीपीएसची दोनशे तास गाणी बसतात. बहुतेकांना तेवढी जागा पुरते, त्यामुळे १६० जीबीच्या नावाखाली जास्त पैसे मोजण्याआधी आपलं फोल्डर खरोखर किती मोठं आहे ते बघून घ्या.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारायची: दोन ट्रॅकच्या मध्ये प्लेअर थांबतो का? सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळे ट्रॅक असतात, पण गाणं अखंड चालू असतं. साधा प्लेअर तिथे अर्धा सेकंद गप्प होतो आणि ऐन समेवर तार तुटते. पाचव्या पिढीच्या आयपॉडवर २००६ मध्ये आलेल्या सॉफ्टवेअरच्या १.२ आवृत्तीपासून ट्रॅक सलग वाजतात, त्यानंतरच्या क्लासिकवरही. अनेक स्वस्त नव्या प्लेअरमध्ये मात्र ही सोय नसते. म्हणून असे सलग दोन ट्रॅक पेनड्राइव्हवर बरोबर न्या आणि दुकानातच वाजवून बघा.

कोणता आयपॉड

अ‍ॅपलने क्लासिक २०१४ मध्ये, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये आणि शेवटचा टच २०२२ मध्ये बंद केला. म्हणजे बाजारात दिसणारा कोणताही क्लासिक दहा वर्षांहून जुना आहे. 'नवाकोरा, सील न उघडलेला' असं सांगितलं, तरी आतली बॅटरी तेवढीच जुनी असते.

घ्यायला सगळ्यात सोयीचे दोन. पहिला ए११३६ क्रमांकाचा, पाचव्या पिढीचा: २००५ चे ३० आणि ६० जीबी, तसेच २००६ चे सुधारित ३० आणि ८० जीबी. पाठीवर दोघांचा क्रमांक एकच असल्याने विकणारे गोंधळतात. ओळख सोपी आहे. म्युझिकच्या मेनूत 'सर्च' दिसला तर तो २००६ चा, नसेल तर आधीचा. याचा पुढचा भाग प्लास्टिकचा असल्यामुळे तो उघडणं सोपं जातं. घरी दुरुस्ती करायची असेल तर डोळे झाकून हाच निवडा.

दुसरा ए१२३८, म्हणजे क्लासिक. यात २००९ चा सडपातळ १६० जीबी सर्वांत चांगला, मॉडेल एमसी२९३ किंवा एमसी२९७. २००७ आणि २००८ च्या क्लासिकमध्ये एक अडचण आहे. अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरवर ते साधारण १२८ जीबीपुढची जागा नीट हाताळत नाहीत, म्हणून पुढे डिस्कच्या जागी मोठं मेमरी कार्ड बसवायचं असेल तर ते टाळा. क्लासिकचं पुढचं आणि मागचं, दोन्ही कवच धातूचं असतं. उघडताना कड वाकते आणि एकदा वाकली की पुन्हा सपाट बसत नाही.

हातात घेतल्यावरची पंधरा मिनिटं

आधी पाठीवर कोरलेला सीरियल क्रमांक आणि 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट'मधला क्रमांक ताडून बघा. जुळत नसतील तर मागचं कवच किंवा मदरबोर्ड बदललेला आहे. तेवढ्याने प्लेअर वाईट ठरत नाही, पण 'ओरिजिनल'चा भाव द्यायचं कारण उरत नाही.

आता डिस्क. या आयपॉडमध्ये १.८ इंची फिरती हार्ड डिस्क असते आणि सर्वांत आधी तीच जाते. प्लेअर कानाला लावून पाच-सहा गाणी पटापट पुढे ढकला. हलकी घरघर चालेल. टक्-टक् असा ठरावीक ठोका किंवा दर वेळी काही सेकंद अडखळणं म्हणजे डिस्क थकली आहे.

कानावर विसंबू नका, आयपॉडलाच विचारा. खटका, म्हणजे होल्डचं बटण, सोडवा. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. अ‍ॅपलचं चिन्ह दिसताच सोडा आणि लगेच मधलं बटण व मागे जाण्याचं बटण दाबून धरा. तपासणीचा पडदा उघडेल. क्लासिकवर आधी पर्याय विचारला जातो, तिथे मेनू दाबून हाताने करायची चाचणी निवडा. मग 'आयओ', त्यात 'हार्डड्राइव्ह', त्यात 'स्मार्ट डेटा'. दोनच आकडे बघायचे आहेत. 'रीअलॉक्स' म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला काढलेले भाग. 'पेंडिंग सेक्टर्स' म्हणजे जे वाचताना डिस्कला आत्ताच त्रास होतोय ते. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. रीअलॉक्स दहा-वीस असतील तर चालेल, पण भाव उतरवून मागा. शेकड्यात असतील, किंवा पेंडिंग शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्कची किंमत शून्य धरा आणि कार्ड बसवायचं असेल तरच घ्या. डिस्कच्या जागी आधीच कार्ड बसवलेलं असेल तर हे आकडे निरर्थक येतात. बाहेर यायला पुन्हा मेनू आणि मधलं बटण दाबा.

हेडफोन लावा आणि पिन बोटांनी हळूच फिरवा. खरखर आली किंवा एक बाजू गेली तर जॅक झिजला आहे. खटका लावून-काढूनही बघा. या आयपॉडमध्ये जॅक आणि खटका एकाच पट्टीवर असतात. एक बिघडला तरी अख्खी पट्टी बदलावी लागते, पण तो सुटा भाग मिळतो आणि फार महाग नसतो. क्लिक व्हीलचं, म्हणजे बोट फिरवायच्या गोल चक्राचं, मात्र तसं नाही. बाजारात मिळणारी पर्यायी चक्रं बोटाला नीट प्रतिसाद देत नाहीत. लांबलचक यादीत बोट सावकाश फिरवा. निवड उड्या मारत असेल तर तो प्लेअर सोडून द्या.

बॅटरी

दुकानात बॅटरीची पूर्ण परीक्षा होत नाही, पण अंदाज येतो. नवेपणी २००९ च्या क्लासिकला अ‍ॅपल ३६ तास सांगत असे, ३० जीबीच्या पाचव्या पिढीला १४ तास. पूर्ण चार्ज केलेला क्लासिक तासभर वाजवून बॅटरीचं चित्र पाव भागाने उतरलं, तर ती संपलेली समजा. तासभर वेळ नसेल तर दहा-बारा गाणी लागोपाठ बदला. दर वेळी डिस्क फिरायला लागली की जास्त वीज ओढते, आणि मरणासन्न बॅटरी नेमकी तेव्हाच प्लेअर बंद पाडते. 'चार्ज आहे तरी मध्येच बंद होतो' या तक्रारीचं हेच नेहमीचं कारण. अशा वेळी लोक उगाच मदरबोर्डला दोष देतात.

कवचाची फट एका बाजूने उघडलेली, पडद्यावर दाबल्यासारखा डाग, टेबलावर ठेवल्यावर प्लेअर डगमगतो, ही बॅटरी फुगल्याची लक्षणं. असा प्लेअर चार्जिंगला लावू नका, दाबून बंद करू नका, टोचू तर मुळीच नका. पहिल्या पिढीच्या नॅनोबाबत विशेष काळजी घ्या. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेले नॅनो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे अ‍ॅपलने २०११ मध्ये परत मागवले होते. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पाचव्या पिढीची बॅटरी घरी बदलता येते, अर्धा तास पुरतो. प्लास्टिकची पातळ पट्टी पोलादी पाठ आणि पुढचा भाग यांच्यामधल्या फटीत सरकवून एकेक कडी सोडवा. मागचं कवच झटक्याने ओढू नका, कारण दोन पातळ पट्ट्या दोन्ही भागांना जोडून असतात. बॅटरीच्या पट्टीची छोटी कुंडी नखाने जेमतेम जराशी उचलायची, मग पट्टी सरळ बाहेर येते. कुंडी तुटली तर मदरबोर्डवरचं काम वाढतं, आणि घाईत नेमकी तीच तुटते. सडपातळ पाठीच्या आयपॉडला जाड बॅटरी बसत नाही. डिस्क काढून कार्ड बसवलं की मात्र आत जागा होते. नॅनोची बॅटरी सोल्डर केलेली असते, ते काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरातल्या हात बसलेल्या कारागिराकडे द्या.

'रिफर्बिश्ड' म्हटल्यावर विचारायचं

या शब्दाची एकच व्याख्या नाही. कुणी खरोखर बॅटरी बदलतो, कुणी फक्त नवं चकचकीत कवच चढवतो. चमक बघून फसू नका. ओरखडे असलेला पण आतून अस्सल प्लेअर केव्हाही बरा. चार प्रश्न विचारा: बॅटरी कधी आणि कोणत्या क्षमतेची घातली, आत मूळ डिस्क आहे की कार्ड, कार्ड असल्यास कोणत्या कंपनीचं, आणि बिघडला तर किती दिवसांत परत घेणार. उत्तरं बिलावर लिहून घ्या. तोंडी गॅरंटी धरू नका.

आयपॉड टच असेल तर आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. सगळं पुसून सुरू केल्यावर आधीच्या मालकाचा अ‍ॅपल आयडी मागितला, तर तो कुलूपबंद आहे. 'नंतर उघडून देतो' यावर पैसे देऊ नका. क्लासिकचं चार आकड्यांचं कुलूप मात्र संगणकावरच्या आयट्यून्समधून रिस्टोअर केलं, म्हणजे सगळं पुसून मूळ स्थितीत आणलं, की निघतं, आतली गाणी जातात एवढंच.

आयपॉड नको असेल तर

सॅनडिस्कचे जुने क्लिप प्लस आणि क्लिप झिप मिळाले तर घ्या. छोटे, हलके, मायक्रोएसडी घेणारे, आणि त्यांच्यावर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर चढतं. रॉकबॉक्सवर फ्लॅक वाजतं, फोल्डरप्रमाणे ऐकता येतं, आणि कीर्तन किंवा प्रवचन अर्धवट सोडलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. क्लिप स्पोर्ट आणि क्लिप जॅमवर ते चालत नाही, नावं सारखी असल्यामुळे इथे चूक होते.

सोनीच्या जुन्या वॉकमनमध्ये २००५ च्या आसपासचे प्लेअर टाळा. त्यांना गाणी भरायला सॉनिकस्टेज नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कधीच बंद झालं आहे. एनडब्ल्यूझेड नावाच्या मॉडेलवर फाइल थेट ओढून टाकता येते. बऱ्याच वॉकमनची केबल वेगळ्याच पिनची असते, ती सोबत मिळत असेल तरच सौदा करा. जपानमधून आलेल्या काही प्लेअरचा मेनू फक्त जपानीत असतो, तोही आधी बघा.

बिननावाच्या नव्या प्लेअरवर किंवा स्वस्त मेमरी कार्डवर '१२८ जीबी' छापलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. संगणकाला जोडून एचटूटेस्टडब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री. ते पूर्ण जागा भरून पुन्हा वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. खोट्या कार्डावर पहिली काही गाणी छान वाजतात, पुढची गप्प असतात किंवा तुटत वाजतात. काही तास लागतील, पण परत करण्याची मुदत संपायच्या आत हे कराच. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट स्वरूपात येतात. प्लेअर ती ओळखत नसेल तर कार्ड खराब समजू नका, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बघा.

मराठी नावांची परीक्षाही विकत घेण्याआधीच करा. एका गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्ये नोंदवलेल्या नावात, देवनागरीत 'विठ्ठल' लिहून ते वाजवा. चौकोन दिसले किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर नावं रोमन लिपीत लिहावी लागतील, आणि हजारभर अभंगांची नावं बदलणं हे आठवडाभराचं काम आहे.

घरी आणल्यावर

जुन्या मालकाची गाणी तशीच ठेवून वापरू नका. आयट्यून्समधून, किंवा नव्या मॅकवर फाइंडरमधून, रिस्टोअर करा. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोज वाचत नाही, तो विंडोजवरच रिस्टोअर केला की प्रश्न मिटतो. रॉकबॉक्सलाही विंडोजचंच स्वरूप लागतं. फ्लॅक फाइल्स अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरवर वाजत नाहीत, त्या आधी अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदला. गुणवत्ता तीच राहते. संगणक आयपॉड ओळखत नसेल तर आधी केबल बदला. ३० पिनांच्या काही स्वस्त नकली केबलमधून फक्त चार्जिंग होतं. केबल हबला न लावता थेट संगणकाला लावा. पहिल्यांदा सगळी गाणी एकदम न भरता पाच-पाच जीबी भरा. भरणं एखाद्या ठिकाणी अडकलं तर कोणत्या फाइलवर अडकलं ते कळेल, आणि दुसऱ्या फाइल्स टाकूनही तसंच झालं तर डिस्कचे ते दोन आकडे पुन्हा एकदा बघा.