नवा सीपीयू कूलर आणि केस (पीसीचं कॅबिनेट) घ्यायच्या आधी काय काय मोजून ठेवायचं

प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून मोठा टॉवर (उभ्या पत्र्यांचा, फॅन लावलेला उंच कूलर) बसवायचा ठरलं असेल तर लगेच ऑर्डर टाकू नका, आधी पट्टी घेऊन केस उघडा. केससुद्धा नवीनच घेत असाल तर दोन्हीचे स्पेक शेजारी शेजारी ठेवूनच ठरवा.

पहिलं म्हणजे प्रोसेसर लोडवर खरंच किती वॅट खातो ते बघा, कारण डब्यावरच्या टीडीपीवरून (कंपनीने दिलेल्या वॅटच्या आकड्यावरून) ते कळत नाही. ६५ वॅटचा रायझन प्रत्यक्षात ८८ पर्यंत जातो, १०५ वाला १४२ पर्यंत, आणि कोअर आय९ १३९००के वर १२५ लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, तो २५३ घेतो. ६५ वाल्याला १२० मिमीचा एक फॅन असलेला साधा टॉवर आरामात पुरतो, त्याच्यावर ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर लावणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, नाव लिहून ठेवा. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटची कूलर बसवायची भोकं तीच आहेत, पण एएम५ ची बॅकप्लेट (बोर्डामागची धातूची पट्टी) निघत नाही, म्हणून जो कूलर स्वतःची बॅकप्लेट लावतो तो तिथे बसत नाही. इंटेलमध्ये एलजीए १२०० ला भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, १७०० ला ७८ झालं, त्यामुळे जुना कूलर वापरायचा असेल तर माउंटिंग किट वेगळं लागेल.

आता उंची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. केसच्या स्पेकमध्ये कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती १७० मिमी आणि कूलर १६५ म्हणजे झालं काम असं आपण धरून चालतो, पण रॅमचं काय? नॉक्टुआ एनएच-डी१५ चा पुढचा फॅन रॅमच्या वर येतो आणि त्याच्याखाली ३२ मिमीच जागा असते, रॅम ४४ मिमी उंच असेल तर फॅन १२ मिमी वर सरकवावा लागतो आणि १६५ चा कूलर १७७ चा होतो. माझ्याकडे अगदी हेच झालं, सगळं जोडून झाल्यावर साइड पॅनल बंदच होईना, शेवटी पुढचा फॅन काढून टाकला. म्हणून रॅमची उंची हीटस्प्रेडरसकट (वरच्या धातूच्या आवरणासकट) मोजा, आरजीबी रंगीत दिवे नको असतील तर बुटकी रॅम घ्या, मोठ्या एअर कूलरसोबत तीच बरी.

लिक्विड कूलर घेणार असाल तर २७ चा रेडिएटर अधिक २५ चा फॅन असे ५२ मिमी धरा. केसमध्ये वर लावला तर मदरबोर्डाच्या हीटसिंकला आणि रॅमला अडतो का बघा, पुढे लावला तर केसमध्ये ग्राफिक्स कार्डसाठी दिलेल्या कमाल लांबीतून तेवढं वजा करा, आणि तो आकडा केसचा पुढचा फॅन धरून दिलाय का तेही बघून घ्या. केसची पुढची बाजू शक्यतो जाळीचीच घ्या, बंद काच असेल तर आत थंड हवाच येत नाही, मग महागडा कूलरही तीच गरम हवा फिरवत बसतो.

बसवायच्या दिवशी थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा. एएम४ वरचा जुना कूलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावीउजवीकडे फिरवत सोडवा, सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म मात्र आठवणीने काढा.