तळपायाची आग ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका: पायांत काय बघायचं, कोणती तपासणी मागायची

कराडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, दुकानाच्या फरशीवर मला बारीक लाल ठिपके दिसले. गिऱ्हाइकाच्या कापडाला काही लागलं की काय म्हणून आधी खण उलटेपालटे करून बघितले. मग खुर्चीत बसून पाय वळवला, तर उजव्या तळव्यात टाचणी घुसलेली, अर्ध्याहून जास्त आत. ती कधी टोचली, किती वेळ तिच्यावर पाय देऊन मी फिरत होते, मला काही कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात उपाशीपोटी साखर 178 आली आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 8.9. मधुमेहच. पण पायांनी त्याच्या दोन वर्षं आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. ते मला वाचता आलं नाही. तुम्हाला यावं म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात रात्री झाली. अंथरुणावर पडलं की दोन्ही तळपाय भाजल्यासारखे व्हायचे. पांघरूण नको वाटायचं, थंड फरशीला पाय टेकवून झोपायचे. सासूबाईंनी तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले. उष्णता झाली म्हणून मी सकाळ-संध्याकाळ चमचाभर गुलकंद खाल्ला, म्हणजे साखरच. एका डॉक्टरांनी पावसाळाभर बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली. साखर त्यांनी तपासली नाही आणि मीही तपासा म्हटलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

तर काय बघायचं? त्रास दोन्ही पायांना आहे का, आणि बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतोय का. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. रक्तातली जास्तीची साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते, तेव्हा साधारणपणे टोकं आधी बिघडतात. एकाच पायात, कमरेतून खाली उतरणारी कळ असेल तर बहुतेक वेळा भानगड मणक्याची असते. आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं होणं, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटणं, कापसावर चालल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असू शकतं, आणि रात्री ते वाढतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आग कमी झाली म्हणजे बरं वाटलं असं धरून चालू नका. माझी आग काही महिन्यांनी कमी झाली, मला वाटलं गुलकंद लागू पडला. खरं तर पाय बधिर होत चालले होते. त्याच दिवसांत बाजारात चालताना चप्पल पायातून निसटायची, आणि मागून कोणी ‘अहो, चप्पल राहिली’ म्हटलं की मला समजायचं. हे दिसलं तर थांबू नका.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे, इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ओळखली जाते. डोळे मिटून झोपा. घरातल्या कुणीतरी तर्जनीच्या टोकाने तुमच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एकेकदा अलगद स्पर्श करायचा, सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. सगळं कळलं तरी आग किंवा मुंग्या असतील तर साखर तपासाच. सुई-टाचणीने मात्र कधीही बघू नका.

पायांशिवायही खुणा होत्या. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, घसा कोरडा पडणं. सुईत दोरा ओवताना एक दिवस स्पष्ट दिसायचं, एक दिवस धूसर. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि तो महिन्याभरात पुन्हा जमेना. साखर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगावर परिणाम होतो, हे नंतर समजलं. मानेची त्वचा काळी, मखमलीसारखी जाड झाली होती, ती मी उटण्याने घासत बसले. जांघेत वारंवार खाज, भरायला वेळ घेणारी जखम, अचानक धरलेला खांदा, हेही सोबत असू शकतं. आणि कित्येकांना यातलं काहीच होत नाही, म्हणून तिशीनंतर त्रास नसला तरी साखर तपासावी.

आता टेप काढा, हे माझ्या धंद्यातलं काम. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या, पोट आत ओढू नका. बायकांना 80 सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषांना 90 म्हणजे साधारण साडेपस्तीस, याच्या पुढे धोका वाढतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह यांवरून गुण मोजायची पद्धत काढली आहे. 60 किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. माझे नंतर मोजले: वय 48 चे 20, कंबर 36 इंच तिचे 20, मशीनला मोटर बसवल्यापासून दिवसभर बैठं काम आणि व्यायाम शून्य त्याचे 30, आईला साखर होती त्याचे 10. एकूण 80.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या. नुसतं ‘पायाला मुंग्या येतात’ म्हणू नका. कधीपासून, दोन्ही पायांना का, कुठपर्यंत, रात्री वाढतं का, चप्पल निसटते का, घरात कुणाला साखर आहे का. आणि स्पष्ट विचारा, ‘साखर तपासायची का?’ उपाशीपोटी 126 किंवा जास्त, उपाशीपोटीच 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ठळक लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 ही मधली पायरी. नसांना इजा या पायरीवरही होऊ शकते, म्हणून ‘बॉर्डरलाइन आहे, काही नाही’ यावर समाधान मानू नका. रक्त कमी असेल तर सांगा, एचबीएवनसी चुकू शकते. बी12 आणि थायरॉइडही विचारा, त्यांच्यामुळेही पाय असेच होतात.

पैशांची अडचण असेल तर आशाताईंना विचारा. तिशीपुढच्यांचा फॉर्म त्या भरून घेतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात साखर फुकट तपासतात.

तोवर पायांना गरम पाण्याचा, विटेचा शेक देऊ नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. पायावर जखम चिघळली, बोट काळं पडलं, किंवा खूप तहान लागून उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता माझी एचबीएवनसी 6.8 आहे. रात्रीची आग जवळजवळ गेली, अंगठ्यांची बधिरता मात्र तशीच आहे. दुकानात मी बंद सपाता घालते, रोज रात्री आरशात तळवे बघते, आणि कुलूप लावण्याआधी फरशीवरून लोहचुंबक फिरवते. काल सात टाचण्या निघाल्या.