डुकराचे एम्ब्रिओ चार पेशींवरच अडकतात? म्हशीची सवय सोडा, या चुका टाळा

परभणी-उदगीरकडं व्हेटर्नरी करून लॅबमध्ये एम्ब्रिओ (भ्रूण) बनवायच्या लाईनला आलेल्या पोरांचा हात बसलेला असतो गायी-म्हशीवर, अन तीच सवय डुकराला लावली की घोळ सुरू. मग पहिला संशय मीडियावर, म्हणजे एम्ब्रिओ ज्या द्रवात वाढवतात त्यावर. पीझेडएम-३ हा मीडिया सोडून एनसीएसयू-२३ हा दुसरा आणायचा, त्यातलं बीएसए (प्रोटीन) बदलायचं, अन रिझल्ट जागच्या जागी. आधी काम कुठं अडतंय ते तर बघा.

क्लिव्हेजच (अंड्याचं पेशींमध्ये विभाजन) कमी होत असेल तर कल्चर ड्रॉपला (मीडियाचा थेंब, ज्यात एम्ब्रिओ वाढतो) कशाला बोल लावता, गडबड त्याच्या आधीची आहे. म्हशीच्या अंड्याचं मॅच्युरेशन (लॅबमध्ये पिकणं) २२-२४ तासांत उरकतं, डुकराला ४२-४४ तास लागतात, त्यातले पहिले २०-२२ तास हार्मोनसोबत अन बाकीचे हार्मोनशिवाय. ओव्हरी (अंडाशय) बर्फावर तर बिलकुल आणू नका. डुकराच्या ओओसाइटमध्ये (अंड्यात) चरबी खच्चून भरलेली असते, म्हणूनच तो मायक्रोस्कोपखाली काळाकुट्ट दिसतो, अन १५ डिग्रीच्या खाली गेला की कामातून गेला. थर्मासमध्ये ३५ डिग्रीच्या आसपासचं सलाईन, बास.

क्लिव्हेज भारी दिसतंय पण ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेला, पुढच्या टप्प्याचा एम्ब्रिओ) होत नाही? पॉलीस्पर्मी तपासा. एका अंड्यात दोन-तीन स्पर्म घुसले तरी क्लिव्हेज होतं अन आपण उगाच खूश. चरबीमुळं प्रोन्यूक्लिअस (अंड्यात दिसणारी अंड्याची अन स्पर्मची केंद्रकं) असेच दिसत नाहीत, थोडी अंडी सेंट्रिफ्यूज करून (वेगानं फिरवून) नाहीतर स्टेन करून (रंगवून) ते मोजावेच लागतात.

आता चार पेशींचं. गायीत एम्ब्रिओचा स्वतःचा जीनोम (जनुकं) ८-१६ पेशींवर जागा होतो, डुकरात चारवरच, त्यामुळं आधीचा सगळा त्रास इथं येऊन दिसतो. ऑक्सिजन ५ टक्के ठेवा, बाहेरच्या हवेवर चालवू नका. तापमान ३८.५ ते ३९, अन तेही डिस्प्लेवर वाचून नाही, ड्रॉपमध्ये प्रोब घालून.

आपल्याकडची खरी कटकट म्हणजे कोरडी हवा. एप्रिल-मेमध्ये वरून एसी चालू, खाली गरम प्लेट, अन कुणीतरी निवांत पाच डिशमध्ये ५० मायक्रोलिटरचे ड्रॉप टाकत बसलंय, ऑइल सगळ्यात शेवटी. तोवर पहिल्या डिशमधलं पाणी उडून ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या क्षारांची तीव्रता) चढलेली असते अन डोळ्याला काहीच कळत नाही. एक डिश घ्या, ड्रॉप टाका, लगेच ऑइल, मगच दुसरी. ऑइलही रात्रभर इन्क्युबेटरमध्ये इक्विलिब्रेट झालेलं (तिथल्या गॅस-तापमानाला आलेलं) पाहिजे.

अजून एक, संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणजे इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर ५ टक्के सीओटू दिसला तरी मीडियाला तेवढा मिळत नाही अन पीएच वर सरकतो. मीडियाचा पीएच मोजा, ७.२-७.४ मध्ये बसेपर्यंत सीओटू थोडा वाढवा.

एवढं करून मीडियावरच संशय असेल तर त्याच बॅचची थोडी अंडी स्पर्मऐवजी इलेक्ट्रिक पल्स देऊन ॲक्टिव्हेट करा, ड्रॉप तेच, इन्क्युबेटर तोच. ती सहाव्या-सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत गेली तर मीडियाची बाटली गुपचूप फ्रीजमध्ये ठेवा अन सीमेन तपासायला घ्या.