पिकअपचा गिअरबॉक्स घरच्या पडवीत कसा बदलायचा

आपल्याकडे जुनी ऑटोमॅटिक पिकअप शोधूनही मिळायची नाही, त्यामुळे हे सगळं साध्या क्लचवाल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपबद्दल आहे, तीच जी आंब्याच्या दिवसांत वाशीला पेट्या नेते आणि एरवी बंदरावरून मासळी.

आधी गिअरबॉक्सच गेलाय ना ते बघा. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर बहुतेक इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), म्हणजे बॉक्स खाली घ्यावा लागेल पण दुसरा विकत घ्यायला नको. आणि आंबा घाट उतरताना गिअर आपोआप सुटत असेल तर लगेच खर्चात पडू नका, आधी लिव्हरचे बुश आणि गिअरबॉक्सखालचं माउंटिंग रबर तपासा.

मासळीची गाडी असेल तर हे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत काढावं, तेव्हा तशीही गाडी उभीच असते, फक्त वर छप्पर पाहिजे.

सेकंडहँड बॉक्स घ्यायला कुर्ल्याला जा नाहीतर कोल्हापूरला, पण गाडीतली क्लच प्लेट पूर्वी कधी बदललेली असेल तर ती जुनी प्लेट सोबत घेऊन जा. ती इनपुट शाफ्टच्या खाचांवर सरळ सरकली पाहिजे, नाही सरकली तर विकणारा "सेम मॉडेल आहे" म्हणून कितीही शपथा घेवो, घ्यायचा नाही. शाफ्ट हाताने फिरवून एकेक गिअर टाकून बघा. तळाच्या बोल्टला राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज, पण दाताचे तुकडे मिळाले तर दुसरं दुकान.

आता खरी डोकेदुखी, गंज. मासळीच्या क्रेटमधलं खारट बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं चॅसीवर ठिबकतं, त्यामुळे क्रॉस मेंबरचे (बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) आणि प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) नट पार धरून बसलेले असतात. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तारेचा ब्रश मारून गंज सोडवायचं ऑइल लावून ठेवा. गोल नट झाला की मग छिन्नी नाहीतर गॅस, म्हणून सुरुवातीपासून सहा कोनांचाच गोटी पाना वापरा, चाबी पान्याने जोर करायचा नाही.

गाडी चारही बाजूंनी लोखंडी स्टँडवर घ्या, स्टँडखाली जाड फळी द्या, आपली लाल माती पावसात खचते. आणि जांभ्याचे चिरे रचून गाडीखाली कोणी झोपू नका, घर बांधायला चिरा चांगला पण एका कोपऱ्यावर वजन आलं की त्याचा भुगा होतो. या एका गोष्टीत मी कोणाचं ऐकत नाही.

बॅटरीची मायनस वायर काढा. तेल सोडायच्या आधी तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, कारण खालून सगळं सोडलं आणि वरचा जाम निघाला तर भरणार कुठून? प्रोपेलर शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खडूने नको, पंचने खूण करा, परत त्याच जागी नाही बसला तर गाडी थरथरते. मग केबिनमधून लिव्हर, खालून रिव्हर्स लाइटची वायर, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर काढा. क्लचचा खालचा सिलिंडर पाइप न उघडता तसाच बाजूला बांधून ठेवा म्हणजे हवा काढायची कटकट नाही, पण तो सुटा असताना कोणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येईल, पोरांना केबिनपासून लांब ठेवा.

इंजिनच्या मागच्या बाजूला लाकूड ठेवून जॅक द्या, बॉक्सखाली ट्रॉली जॅक घ्या, मगच क्रॉस मेंबर आणि बेल हाउसिंगचे (बॉक्सचं इंजिनला जोडलेलं घंटेसारखं तोंड) बोल्ट काढा. बॉक्स सरळ मागे ओढायचा, दोन माणसं लागतातच, अर्धवट निघालेला असताना शाफ्टवर लोंबकळत सोडला तर क्लच प्लेट वाकते.

एवढं उघडलंय तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला धरणारं) आणि इंजिनचं मागचं ऑइल सील आत्ताच टाका, पुढच्या वर्षी सील गळलं तर हेच सगळं परत करावं लागेल. प्लेटवर फ्लायव्हीलची (इंजिनच्या मागच्या जड चाकाची) बाजू लिहिलेली असते ती बघून लावा, प्लेटच्या घासणाऱ्या बाजूंना तेलकट हात नको. प्लेट मध्यावर आणायला जुन्या बॉक्सचा सुटा शाफ्ट किंवा बाजारात मिळणारी प्लास्टिकची दांडी वापरा आणि प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणारी) बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

बॉक्स चढवताना माणसं घाई करतात आणि काम इथेच बिघडतं. गिअर टाकून ठेवा, मागची फ्लँज हळूहळू फिरवत ढकला, खाचा जुळल्या की बॉक्स शेवटी आपोआप आत जातो. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, बेल हाउसिंगचा कान तुटतो नाहीतर प्लेटचा मधला भाग फाटतो. नाही बसत तर खाली घ्या, चहा घ्या, प्लेट परत मध्यावर आणा. बाकी सगळं उलट क्रमाने.

तेल गाडीच्या पुस्तकात असेल त्याच ग्रेडचं, जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च, डिफरन्शियलचं उरलेलं ओतायचं नाही. वरच्या बोल्टच्या भोकातून ठिबकायला लागेपर्यंत भरा. चाकं वरच असताना इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघा, मग रिकामी गाडी गावात फिरवा, परत आल्यावर खाली वाकून गळती बघा आणि प्रोपेलरचे नट गाडी थोडी चालल्यावर एकदा पुन्हा आवळा. भरलेल्या पेट्या घेऊन घाट त्यानंतरच.