डझन, नग आणि अधिकचिन्ह: ट्रान्स्पायलरमधून ऑपरेटर ओव्हरलोडिंग आणताना

रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत आंब्याची मोजणी डझन आणि नगांत होते, आणि वाशीच्या दलालाची पट्टी हाती आली की काका ती आपल्या वहीशी ताडून पाहतात. त्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. ३ डझन ८ नग आणि २ डझन ७ नग यांची बेरीज ६ डझन ३ नग यायला हवी. परंतु अशा मोजण्या साठवलेल्या दोन ऑब्जेक्टमध्ये अधिकचिन्ह घातले की ही भाषा दोहोंचा मजकूर करून तो एकमेकांना चिकटवते. ऑब्जेक्टची किंमत आकड्यात सांगणारी व्हॅल्यूऑफ ही मेथड, म्हणजे ऑब्जेक्टचे स्वतःचे फंक्शन, लिहिली तर ७५ मिळतात खरे, पण तो नुसता आकडा असतो आणि डझनांचे भान हरवते.

पायथन आणि सी प्लस प्लसमध्ये चिन्हांना आपला अर्थ देता येतो (यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात), जावास्क्रिप्टमध्ये येत नाही, म्हणून मी बेबल या ट्रान्स्पायलरसाठी, म्हणजे लिहिलेल्या कोडचे दुसऱ्या कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामसाठी, प्लगिन (जोड-प्रोग्राम) लिहायचे ठरवले. या मार्गात नवे काही नाही. १९८५ साली बाजारात आलेले सी प्लस प्लस सीफ्रंट नावाच्या प्रोग्राममधून जात असे, तो त्याचे रूपांतर साध्या सीमध्ये करी, आणि ऑपरेटर ओव्हरलोडिंग तेव्हाही त्यात होते.

बेबल आधी कोडचे वाक्यरचना-झाड बनवतो. त्यात प्रत्येक द्विपदी (दोन बाजू असलेल्या) चिन्हासाठी एक गाठ असते आणि गुणाकार आधी की बेरीज आधी हे त्या झाडातच ठरलेले असते, त्यामुळे आपल्याला फक्त गाठ बदलायची असते. सुरुवात करणाऱ्यांनी एएसटी एक्सप्लोरर या संकेतस्थळावर चार ओळी टाकून हे झाड आधी डोळ्यांनी पाहावे. माझे पहिले दोन दिवस ते न पाहिल्यामुळे वाया गेले.

मी गाठीच्या जागी थेट एक अट बसवली: डावी बाजू डझन असेल तर तिची मेथड बोलवायची, नाहीतर साधी बेरीज करायची. त्या साध्या बेरजेतही अधिकचिन्ह होतेच, बेबलने नव्या गाठीलाही भेट दिली आणि रूपांतर संपेचना. बदललेल्या गाठीवर खूण करून ते थांबवले. मग काकांच्या ४० पेट्या मोजायला दिल्या, तर हिशेबात २० पेट्यांचेच आंबे आले. काकांनी वही पुढे सरकवली आणि "अर्धी बाग गेली कुठे?" एवढेच विचारले.

झाले होते असे. मी "पुढचीपेटी() + एकूण" असे लिहिले होते आणि माझ्या अटीत डावी बाजू दोनदा उमटत होती, एकदा तपासणीत आणि एकदा बेरजेत. तपासणी एक पेटी खाऊन टाकी आणि बेरजेत तिच्या पुढची येई. "एकूण + पुढचीपेटी()" असे लिहिले असते तर आकडा बरोबर आला असता आणि चूक कित्येक महिने दडून राहिली असती, याचीच मला अधिक धास्ती वाटते. म्हणून अट थेट बसवू नका. "बेरीज(अ, ब)" अशा मदतनीस फंक्शनची हाक बसवा, कारण हाकेतली प्रत्येक बाजू एकदाच आणि डावीकडून उजवीकडे मोजली जाते. ते फंक्शन मात्र प्लगिनच्या कक्षेबाहेरच्या फाइलमध्ये ठेवा. माझे त्याच फाइलमध्ये होते, त्याच्या पोटातल्या अधिकचिन्हाचीही हाक झाली आणि ते स्वतःलाच बोलवत स्टॅक (हाकांची नोंद ठेवणारी मर्यादित जागा) भरेपर्यंत थांबले नाही.

डावीकडे साधी संख्या असेल, जसे "२ * डझन", तर मदतनीसाने उजव्या बाजूकडे उलटी मेथड (आपण उजवीकडे असताना चालणारी) आहे का तेही पाहावे. पायथनमध्ये हीच पद्धत आहे. बेरीज करून तिथेच साठवणाऱ्या "+=" ची गाठ वेगळी असते आणि "पेट्या[क्र++] += नवी" यात क्र दोनदा वाढू नये म्हणून आधी तात्पुरते चल लागते. "&&" (आणि) व "||" (किंवा) यांना हात लावू नये, कारण ही चिन्हे उजवी बाजू गरज पडली तरच मोजतात; फंक्शनची हाक झाली की ती नेहमीच मोजली जाते आणि या चिन्हांचे कामच मोडते. दोन बाजू तंतोतंत समान आहेत का हे पाहणाऱ्या "===" ला नवा अर्थ देणे मला तरी अनाठायी वाटते.

प्रत्येक बेरजेला एक हाक वाढत असल्याने मी फाइलच्या माथ्यावर सूचना लिहिलेली असेल तरच प्लगिन चालू होईल असे केले. काकांच्या प्रोग्रामात ती सूचना एकाच फाइलवर आहे, डझनांची बेरीज होते तिथे.